मेगा मॅन झीरो: मरत-मरत, पण मजेत कसा खेळावा

'मेगा मॅन झीरो' हा व्हिडिओ गेम 2002 साली निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. प्रकाशक कॅपकॉम, बनवणारे इंटी क्रिएट्स, म्हणजे कॅपकॉममधून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1996 मध्ये काढलेली जपानी कंपनी. नायक झीरो. लाल चिलखत, पाठीवर लांब सोनेरी केस, हातात हिरवी प्रकाशाची तलवार. पुढे 2005 पर्यंत दरवर्षी एक असे चार भाग निघाले आणि चारही भागांची ख्याती एकच: भयंकर अवघड.

ख्याती खोटी नाही. पण नवखे लोक हा गेम अर्ध्यात सोडतात, त्याचं कारण शत्रू नसतात. प्रत्येक मोहीम संपली की गेम तुमचा निकाल लावतो, वेळ किती घेतला, मार किती खाल्ला, शत्रू किती मारले, आणि वर एक अक्षर छापतो. कशीबशी जीव वाचवून पार केलेल्या मोहिमेवर 'डी' बघितला की माणूस खचतो आणि त्या अक्षराच्या मागे लागतो. माझं स्पष्ट मत आहे की ते अक्षर पहिल्या खेपेच्या खेळाडूसाठी नाहीच. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी आहे. एवढं मनाशी पक्कं केलंत तर खाली लिहिलेलं सगळं सोपं जाईल.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर कॅसेट फुंकून फुंकून 'कॉन्ट्रा' खेळलेल्यांना जुन्या पद्धतीचा गेम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मोजक्या लाइफ, एक गोळी लागली की आउट, आणि अप-अप-डाउन-डाउनचा कोड मारून मिळवलेल्या 30 लाइफसुद्धा पुरायच्या नाहीत. झीरोला निदान जीवनपट्टी आहे, दोन-चार फटके तो सोसतो. मात्र खड्डा आणि काटे यांना पट्टीशी देणंघेणं नाही. पट्टी भरलेली असली तरी काट्यावर पाय पडला की लाइफ गेली.

कशावर खेळायचा

आज सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे 2020 साली आलेलं 'मेगा मॅन झीरो/झेडएक्स लेगसी कलेक्शन'. त्यात झीरोचे चारही भाग आणि नंतरचे झेडएक्सचे दोन, असे सहा गेम एकत्र आहेत. स्विच, प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि संगणकासाठी स्टीम, सगळीकडे मिळतं. गेम मुळात इतका हलका की साध्या लॅपटॉपलाही चालतो. फक्त कीबोर्डवर खेळू नका, एखादा साधासा कंट्रोलर जोडा. बाणांच्या बटणांवर भिंतीवरून उड्या मारत चढणं म्हणजे बोटांचे हाल.

पण गेम मूळचा हातातल्या यंत्राचा आहे आणि हातात धरूनच तो जास्त शोभतो. मोहिमा आटोपशीर आहेत, एका बैठकीत एक सहज होते. स्विच असेल तर मध्येच झोपवून ठेवता येतो. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर खेळा. उभ्यानं, एका हातात कडी धरून बॉसशी, म्हणजे मोहिमेतल्या मोठ्या शत्रूशी, लढायचा विचार सोडून द्या.

कोणाकडे जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स पडलेला असेल तर त्याची गंमत वेगळीच, पण एक लक्षात ठेवा: पहिल्या मॉडेलच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. ट्यूबलाइटखाली बसून, यंत्र तिरकं धरून खेळावं लागायचं. 2003 च्या घडीच्या एसपी मॉडेलपासून उजेड आला. जुनी कॅसेट विकत घेताना नकली मालापासून जपा. नकली कॅसेटींमध्ये सेव्ह टिकत नाही ही नेहमीची रड आहे आणि या गेममध्ये सेव्ह जाणं परवडणारं नाही.

लेगसी कलेक्शनमध्ये दोन सोयी आहेत. एक 'कॅज्युअल सिनारिओ', ज्यात अडचण बरीच उतरते आणि गोष्ट निवांत बघता येते. दुसरी 'सेव्ह असिस्ट', जी मोहिमेच्या मध्ये चेकपॉइंट देते, म्हणजे मेलात तरी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. माझा सल्ला: मूळ अडचण तशीच ठेवा आणि सेव्ह असिस्ट चालू करा. कॅज्युअलमध्ये गेमचा कणाच जातो. शत्रूकडे नीट बघायची गरजच उरत नाही आणि मग हा गेम म्हणजे नुसती पळापळ होते. सेव्ह असिस्टनं मात्र फक्त वेळ वाचतो, लढाई तितकीच कडक राहते. कामावरून आल्यावर तासभर खेळणाऱ्या माणसानं त्याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही.

आधी अंगठे तयार करा

मूळ मांडणीत ए म्हणजे उडी, बी म्हणजे मुख्य शस्त्र, डावीकडचं एल म्हणजे डॅश (झपकन पुढे मुसंडी) आणि उजवीकडचं आर दाबून धरून बी दाबलं की दुसरं शस्त्र. ही मांडणी बदलता येते, आणि बदलायची की नाही हे खेळायला लागण्याआधीच ठरवा. चार मोहिमांची सवय झाल्यावर बदललीत तर अंगठा आठवडाभर चुकत राहतो.

मांडणी ठरवताना एकच गोष्ट तपासायची: शस्त्राचं बटण दाबून धरलेलं असताना उडी मारता येते का? कारण पुढे चार्ज हा प्रकार येतो. शस्त्राचं बटण दाबून ठेवलं की ताकद साठते आणि सोडल्यावर मोठा वार बसतो. ती ताकद साठवत असतानाच उड्या मारायच्या, डॅश करायचा, भिंतीला चिकटायचं. गेम बॉयवर यासाठी अंगठ्याचं टोक बीवर आणि पेराचा भाग एवर असा आडवा ठेवतात. नव्या कंट्रोलरवर शस्त्र आणि उडी शेजारी-शेजारी असतील तर हेच जमतं. नाहीतर शस्त्र खांद्यावरच्या बटणाला द्या.

आता तीन हालचाली पक्क्या करा. पहिल्या मोहिमेनंतर तुम्ही बंडखोरांच्या तळावर पोहोचता, तिथे कोणी मारायला येत नाही, तिथेच तालीम करा.

पहिली, डॅश-उडी. डॅश दाबून लगेच उडी घेतली की झीरो साध्या उडीपेक्षा कितीतरी लांब जातो. गेममधले बरेच खड्डे याच मापानं खणलेले आहेत.

दुसरी, भिंतीवरची घसरण. भिंतीच्या दिशेनं बटण दाबून ठेवलं की झीरो भिंतीला धरून हळूहळू खाली येतो आणि तिथून उडी मारत-मारत वर चढतो. बॉसच्या खोलीत भिंत हे तुमचं सगळ्यात मोठं आश्रयस्थान आहे, त्यामुळे ही हालचाल डोळे मिटून यायला हवी.

तिसरी, भिंतीवरून डॅश-उडी: भिंतीला चिकटलेले असताना डॅश आणि उडी एकत्र. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बॉसच्या डोक्यावरून जायला हीच लागते. सुरुवातीला बोटं अडखळतील. हरकत नाही, पण ही जमेपर्यंत मोठ्या बॉसकडे जाऊ नका.

छोटा पडदा, म्हणून हळू चाल

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा 240 बाय 160 पिक्सेलचा. त्यात झीरोची आकृती चांगली मोठी आणि ठसठशीत काढली आहे. दिसायला देखणी, पण त्यामुळे झीरोच्या पुढे-मागे दिसणारी जागा फार थोडी उरते. पूर्ण वेगात डॅश मारत निघालात की शत्रू पडद्याच्या कडेतून थेट अंगावर येतो. खाली उडी मारताना खाली काटे आहेत की जमीन, ते उडी मारल्यावरच कळतं. या गेमच्या अवघडपणात या छोट्या पडद्याचा वाटा फार मोठा आहे, आणि मोठ्या टीव्हीवर खेळलात तरी चौकट तेवढीच राहते.

इथे लोक उलटं वागतात. गेम वेगवान दिसतो म्हणून वेगानं खेळतात. तबल्याचा कायदा आधी ठायीत बसवतात आणि मग दुगुणात घेतात, तसं प्रत्येक नवी जागा पहिल्यांदा चालत पार करा. डॅश नकोच. दोन पावलं पुढे जा, पडदा सरकला की थांबा, समोर काय आहे बघा, मारा, पुन्हा दोन पावलं.

त्यात आणखी एक खोड ओळखून ठेवा. फटका बसला की झीरो मागे ढकलला जातो. उघड्या मैदानात याचं काही वाटत नाही. खड्ड्याच्या काठावर उभे असताना हाच धक्का जीव घेतो. या गेममधली निम्मी मरणं शत्रूच्या गोळीनं होत नाहीत, गोळीच्या धक्क्यानं खड्ड्यात पडून होतात. उपाय साधा आहे: खड्डा ओलांडण्याआधी पलीकडच्या काठावरचा शत्रू लांबूनच बस्टरनं, म्हणजे बंदुकीनं, मारून घ्या, आणि पलीकडे पोहोचल्यावर काठावर रेंगाळू नका. शिडीवरही तेच. शिडी चढताना वर कोणी टपलंय का ते आधी गोळी झाडून बघा.

मेलेले शत्रू जागा सोडून परत आलात की पुन्हा उभे असतात. जुन्या गेमचा हा जुनाच नियम. वैताग वाटतो खरा, पण थोड्याच वेळात हाच नियम तुमच्या कामाला येणार आहे.

पहिली मोहीम काय शिकवते

गोष्ट अशी: सिएल नावाची तरुण शास्त्रज्ञ आणि तिचे थोडे बंडखोर सैनिक निओ आर्केडिया नावाच्या राज्याच्या फौजेपासून पळत एका जुन्या भग्न वास्तूत शिरतात. तिथे झीरो शंभर वर्षं निद्रिस्त आहे. पासी नावाची सायबर-एल्फ, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्यासारखा एक छोटा जीव, स्वतःचा बळी देऊन त्याला जागं करते. पुढे सिएलला घेऊन तुम्ही निसटायला लागता.

या मोहिमेत सुरुवातीला तुमच्याकडे फक्त बस्टर आहे. समोर पँथिऑन, एकडोळे, एकसारखे, घोळक्यानं येणारे सैनिक. शेवटी गोलेम नावाचा अवाढव्य यंत्रराक्षस सिएलला पकडतो आणि त्याच्यावर बस्टरचा काहीच परिणाम होत नाही. कितीही गोळ्या मारा, तो ढिम्म. मग बाजूच्या पडद्यावरून एक अनोळखी आवाज तुम्हाला तलवार देतो, झेड सेबर, आणि लढाईचं पारडं फिरतं.

एकही फलक न लावता, एकही सूचना न देता गेमनं इथे सांगून टाकलंय की लांबून गोळ्या मारून हा गेम संपणार नाही, जवळ जावं लागेल. बहुतेक नवखे हा धडा विसरतात आणि अर्धा गेम कोपऱ्यात उभं राहून बस्टर चालवतात. बस्टरनं रस्ता साफ करा, बॉस मात्र तलवारीनं मारा.

शस्त्रं पिकवायची असतात

पहिल्या भागातली ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितलेली गोष्ट. शस्त्रं वापराल तशी वाढतात. तलवार हाती येते तेव्हा झीरोला एकच वार येतो. वापरत राहिलात की त्यामागोमाग दुसरा येतो, मग तिसरा, मग चार्ज करून मारायचा मोठा वार. बस्टरचंही तसंच, आधी साध्या गोळ्या, मग चार्ज. पुढे मिळणारे ट्रिपल रॉड आणि शील्ड बूमरँग हेही याच रीतीनं वाढतात.

म्हणजे एकाच वाराची तलवार घेऊन तुम्ही तिसऱ्या-चौथ्या बॉसशी झुंजत असाल तर गेम ठरवलेल्यापेक्षा जास्त अवघड होतो, आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात कच्चा. पुष्कळ लोक इथेच गेम सोडतात, हे फार वाईट.

करायचं काय? पहिल्या भागात सगळे प्रदेश एकमेकांना जोडलेले आहेत. मोहीम नसतानाही तळाबाहेर पडून पार केलेल्या जागांमध्ये हिंडता येतं. दोन-तीन साधे शत्रू जवळजवळ असलेली, खड्डा नसलेली जागा शोधा. शत्रू मारा, थोडं मागे जा, परत या, ते पुन्हा उभे असतील. पुन्हा मारा. मघाशी वैताग आणणारा नियम तो हाच. वीस-पंचवीस मिनिटं हे काम करा, कानात गाणी लावून केलंत तरी चालेल. तलवारीला तीन वारांची साखळी आली की थांबा. या खटाटोपात शत्रूंकडून ऊर्जा-स्फटिकही पडतात, ते पुढच्या कामाला येतात.

तीन वारांच्या साखळीला एवढा भाव का? बॉसला एक फटका बसला की तो क्षणभर लुकलुकतो आणि त्या वेळात मारलेल्या बाकीच्या गोळ्या वाया जातात. तलवारीच्या साखळीतला दुसरा आणि तिसरा वार मात्र बसतो. एका संधीत एकाऐवजी तीन फटके. लढाई केवढी आखूड होते ते तुम्हीच बघा.

रॉड आणि ढाल यांत वेळ घालवावा का, यावर मतभेद आहेत. रॉड वर-खाली रोखता येतो म्हणून डोक्यावर घोंगावणाऱ्या शत्रूंवर बरा. ढाल गोळ्या अडवते. पहिल्या खेपेला तलवार मुख्य आणि बस्टर दुय्यम, एवढी जोडी पुरते. बाकीचं हौसेनं.

एल्फ: जपून ठेवू नका

मोहिमांमध्ये सायबर-एल्फ सापडतात. त्यांच्या तीन जाती: एक शुश्रूषा करणारी, एक प्राण्याच्या रूपात लढणारी, एक शत्रूंच्या यंत्रणेत ढवळाढवळ करणारी. पट्टी भरणारे एल्फ आहेत, जीवनपट्टी वाढवणारे आहेत, साठवणीची टाकी देणारे आहेत, बॉसची ताकद निम्म्यावर आणणारेही आहेत. त्यांतल्या पुष्कळांना वापरण्याआधी ऊर्जा-स्फटिक खाऊ घालून वाढवावं लागतं. मघाचे स्फटिक इथे खर्चायचे.

एल्फ एकदा वापरला की तो मरतो. शिवाय निकालात त्याचे गुण कापले जातात. या दोन कारणांमुळे लोक सगळे एल्फ शेवटपर्यंत कंजुषासारखे राखून ठेवतात आणि शेवटी ते तसेच पडून राहतात. मी सुरुवातीला म्हटलं ते इथे लागू करा. निकालाकडे बघायचंच नाही असं ठरलंय ना? मग जीवनपट्टी वाढवणारे आणि साठवणीच्या टाक्या देणारे एल्फ जमेल तितक्या लवकर वाढवा आणि वापरा. हे कायमचे फायदे आहेत, पूर्ण गेमभर पुरतात. बॉसची ताकद निम्मी करणारा मात्र एखाद्या खरोखर छळणाऱ्या बॉससाठी ठेवा.

मरणाऱ्या एल्फचं वाईट वाटतं, हे खरं. वाटावं म्हणूनच ते तसं रचलंय, नाहीतर पासीच्या बळीनं गोष्ट सुरू झाली नसती.

बॉस: पहिली लाइफ बघण्यासाठी

आता खरा मामला. निओ आर्केडियाचे चार सेनापती आहेत, हारपुइया, फेफनिर, लेव्हायथन आणि फँटम, आणि त्यांच्या हाताखाली पशुपक्ष्यांच्या, पुराणकथांच्या रूपातले योद्धे. त्यांतली दोन नावं ऐकून मराठी माणूस दचकतोच: एक हनुमशीन, दंड घेतलेला, आगीशी खेळणारा वानर, दुसरा महा गणेशारिफ, हत्तीच्या रूपाचा, अंगाचा गोळा करून गडगडत अंगावर येणारा. जपानी कलाकारांनी इजिप्तचा अनुबिस, ग्रीकांचा हर्क्युलिस आणि आपले मारुती-गणपती एकाच फौजेत भरती करून टाकलेत. आणि तेही शत्रूच्या! घरात आजी बसलेली असेल तर आवाज थोडा कमी ठेवा.

बॉसशी लढायची माझी रीत अशी.

पहिल्या लाइफमध्ये वार करायचाच नाही. हात शिवशिवतील, तरी नाही. फक्त चुकवायचं. भिंतीला चिकटा, उतरा, डोक्यावरून पलीकडे जा, आणि बघत राहा. या गेममधल्या बहुतेक बॉसकडे मोजकेच डाव असतात, आणि प्रत्येक डावाआधी एक खूण असते. कोणी हात मागे घेतो, कोणी हवेत थांबतो, कोणी ओरडतो. त्या ओरडण्यासाठी कानात इअरफोन हवेतच. बऱ्याचदा डोळ्याआधी कानाला कळतं.

प्रत्येक डावाला मनातल्या मनात आपलं नाव द्या. 'लोळण', 'झेप', 'पाऊस', काहीही. नाव दिलं की डाव लक्षात राहतो, आणि खूण दिसली की ते नाव आपोआप डोक्यात येतं आणि अंगठा हलतो. मोठमोठे खेळाडू काय वेगळं करत असतील असं मला वाटत नाही. फक्त त्यांची नावं लवकर ठरत असतील.

दुसऱ्या लाइफमध्ये एकच प्रश्न घेऊन जा: कोणत्या डावानंतर हा सगळ्यात जास्त वेळ उघडा राहतो? प्रत्येक बॉसचा असा एखादा डाव सापडतोच. मोठी झेप घेऊन जमिनीवर आदळला की तो क्षणभर सावरतो, किंवा लांबलचक मारा संपवला की थबकतो. तेवढ्याच वेळात जा, साखळीचे तीन वार करा, आणि लगेच मागे फिरा. बाकीच्या कोणत्याही डावानंतर हात लावू नका. लढाई लांबेल. लांबू द्या. चौथा वार मारायचा मोह झाला तिथेच लाइफ जाते.

तिसऱ्यापासून पुढे दुसऱ्या, तिसऱ्या डावानंतरच्या संधी जोडत न्या. आणि फँटमसारखा कोणी स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करत असेल तर त्या वेळी हल्ला नकोच, फक्त जिवंत राहा. प्रतिमा विरल्यावर बघू.

मग येतात चिप्स, म्हणजे वाराला एखाद्या तत्त्वाचा गुण देणारे तुकडे: आग, बर्फ आणि वीज. चक्र असं चालतं: आग बर्फाला भारी, बर्फ विजेला भारी, वीज आगीला भारी. म्हणजे फेफनिर किंवा हनुमशीनसमोर वीज, लेव्हायथनसमोर आग, हारपुइयासमोर बर्फ. चिपचा गुण चार्ज केलेल्या वाराला लागतो, साध्या वाराला नाही, म्हणून शस्त्र चार्जपर्यंत पिकवल्याशिवाय चिपचा उपयोग नाही. सगळ्यांना तत्त्व नसतं. फँटम आणि गणेशारिफ यांच्यासमोर कोणतीच चिप जास्तीचं काही करत नाही, तिथे साखळीच खरी.

एकाच बॉससमोर पाच-सहा वेळा आपटलात आणि आधीपेक्षा वाईट खेळायला लागलात, तर यंत्र बंद करा. झोपा. हाताची कामं झोपेत पक्की होतात, हे वाद्य शिकणाऱ्या कोणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी पहिल्याच झटक्यात तो बॉस पडला तर चकित होऊ नका.

शेवटच्या टप्प्यात गेम आधीचे शत्रू पुन्हा समोर उभे करतो. तेव्हा ही दिलेली नावं कामाला येतात. त्या टप्प्यात शिरण्याआधी टाक्या भरून घ्या आणि लाइफची शिल्लक बघून घ्या. शिल्लक कमी असेल तर आधी सोप्या प्रदेशात फिरून गोळा करा. शेवटचा बॉस कॉपी एक्स, त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही. त्याचे दोन अवतार आहेत, आणि पहिल्यातच सगळी टाकी रिकामी करू नका, एवढंच.

आता ते अक्षर

गेम एकदा संपला की निकालाच्या पाटीकडे वळा. आता ती शिक्षा वाटणार नाही. कोणती मोहीम कुठे वळते, कोणता शत्रू कुठून येतो, बॉसची खूण काय, हे सगळं डोक्यात आहे. आता डॅश सोडूच नका. मघा ठायीत बसवलेलं इथे दुगुणात घ्यायचं.

एका वेळी एकाच गोष्टीवर काम करा. आधी 'मार न खाणे', कारण ते साधलं की मरणंही आपोआप थांबतं आणि तिथले गुणही वाचतात. मग वेळ. शत्रूंची संख्या शेवटी, कारण वाटेत आडवे येणारे मारत गेलात तरी पुष्कळदा पुरेसे होतात. एल्फ या खेपेला हात न लावता तसेच राहू द्यायचे. एखादा फटका चुकून बसला म्हणून दर वेळी मोहीम पहिल्यापासून सुरू करणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. 'ए' पुष्कळ झाला. त्याच्याही वरच्या 'एस'साठी जीव टाकणं हा वेगळा छंद आहे, आणि तो प्रत्येकाला झेपतोच असं नाही. गेम तुमच्या खेळाची जात बघून तुम्हाला एक पदवीही देतो. ती कोणती मिळते हे बघण्यात मला अक्षरापेक्षा जास्त मजा येते.

पुढचे भाग कोणत्या क्रमानं

गोष्ट सलग आहे, म्हणून क्रम सोडू नये. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात चांगल्या रँकशी, म्हणजे त्या अक्षराशी, बक्षीस जोडलेलं आहे. 'ए' किंवा 'एस' रँक राखून बॉस मारलात तर त्याचं खास कौशल्य तुम्हाला मिळतं, आणि त्याच वेळी चांगल्या रँकवाल्यासमोर बॉस एक जादा डावही काढतो. तिथे अक्षराकडे पूर्ण पाठ फिरवणं जड जातं. तरी दुसऱ्या भागात पहिल्या खेपेला मी पाठच फिरवायला सांगेन. तो भाग चारांतला सगळ्यात निष्ठुर, आणि त्यातला चेन रॉड, ज्याला लटकून खड्डे ओलांडायचे असतात, तो हाताला बसेपर्यंत पुष्कळ लाइफ खातो. कौशल्यांशिवायही भाग संपतो.

तिसरा भाग, 2004 चा, सगळ्यांत घोटीव. एल्फचा एक प्रकार त्यात गुण न कापता कायमचा जवळ बाळगता येतो, त्यामुळे पहिल्याच खेपेला चांगली रँक आवाक्यात येते. पहिल्या भागातले काही योद्धेही इथे नव्या साजात परततात, हनुमशीन धरून. चारांतला फक्त एकच खेळायला वेळ असेल आणि गोष्टीची फिकीर नसेल, तर सरळ हाच घ्या.

चौथ्यात झीरो नॉकल नावाची भानगड आहे, शत्रूच्या हातातलं हत्यार हिसकावून त्याच्यावरच वापरायचं. शिवाय मोहिमेआधी तिथलं हवामान निवडता येतं. सोपं हवामान निवडलंत तर मोहीम हलकी होते, पण बॉसचं कौशल्य मिळत नाही. पहिल्यांदा खेळताना काय निवडायचं, ते आता सांगायला नको.